उंबरपाड्यावरची लाल ओंजळ

समाजमंदिरापुढच्या अंगणात सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोशेऱ्याच्या पुढे डोंगराच्या पोटात वसलेल्या उंबरपाड्यात घरं अवघी चाळीस, पण आज आजूबाजूच्या पाड्यांवरूनही माणसं आली होती. भाताची आवणी उरकली होती, पाऊस दोन दिवस उघडला होता. बाया पदर सावरत ओळीनं बसल्या होत्या, पुरुष मागे भिंतीला टेकून उभे होते. आणि मधोमध, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर नजरबाबा बसले होते. वाघाचं कातडं कुठं मिळालं नसावं, म्हणून खुर्चीवर वाघाच्या चित्राचा पलंगपोस अंथरला होता.

"माई, डरो मत!" बाबा गरजले. "आमची नजर इथून निघते ती थेट पाताळात पोचते. गुरूंनी बारा वर्षं एका पायावर उभं राहून ही नजर दिली!"

एका पायावर नक्की कोण उभं राहिलं, गुरू की बाबा, हे कोणी विचारलं नाही. विचारायच्या मनःस्थितीतच कोणी नव्हतं. बारा दिवसांत पाड्यावर एकोणीस जण जुलाब-उलट्यांनी आडवे झाले होते. आधी म्हातारा लाडक्या गेला. मग तुकाची चार वर्षांची माघी गेली, सकाळी अंगणात खेळत होती ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. जोडारी गावातून बाबांना जीप करून आणलं ते तुकानंच. तो बाबांच्या उजव्या हाताला उभा होता. चार दिवस जेवला नसावा असं त्याचं तोंड झालं होतं.

परीक्षा सोपी होती. एकेका बाईनं तळहातांना हळद लावायची. बाबांचा मिशाळ चेला काशाच्या ताटात पाणी ओतणार, त्यात हात बुडवायचे. निर्मळ बाईचं पाणी पिवळं राहील. जिनं माणसं खाल्ली, तिच्या हाताला रक्त सुटेल.

दहा बायांनी हात बुडवले. दहाही वेळा पाणी पिवळं झालं. गोजाबाई अकरावी होती.

गोजाबाई साठीची, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. विहिरीजवळचं शेवटचं घर तिचं. मुलगा मंगेश वसईला बांधकामावर होता. घरात सून सुनिता आणि सहा वर्षांची नात वेणू. गोजाबाई पुढे सरकली तेव्हा तिच्या मनात नाचणीच्या बेणणीचा, राहिलेलं तण काढायचा विचार होता. तिनं हळद चोळली, चेल्यानं ताटात पाणी ओतलं, तिनं हात बुडवले.

बुडवता बुडवता हात लाल झाले.

आधी तिला वाटलं, कुठं कापलं. तिनं तळहात उलटेपालटे करून पाहिले. मनगटावरून लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि लुगड्यावर टपटपलं. शेजारची प्रमिला किंचाळून मागे पडली. मग सगळं अंगण गप्प झालं. त्या गप्पपणाचीच गोजाबाईला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"मिल गई!" बाबा खुर्चीतून उठले. "हीच ती भुताळी! हिच्या दारात पोर खेळायला जायचं की नाही? बोल, तुका!"

"जायची," तुका म्हणाला. त्याचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. "रोज जायची."

"परवा सूर्य डोक्यावर आला की हिला मिरचीची धुरी द्यायची. हिच्या तोंडून सगळं वदवून घ्यायचं. वदली तर पाड्याबाहेर. नाही वदली तर…" बाबांनी पुढचं सांगितलं नाही, हवेत नुसता हात फिरवला. मग आवाज मऊ केला. "तोवर घाबरू नका. विहीर मी मंत्रानं बांधली आहे. पाणी कच्चंच प्यायचं. उकळलंत तर मंत्र जळेल. आणि ती नर्सबाईची पांढरी पावडर विहिरीत टाकू नका, मंत्राला विटाळ होतो."

लोकांनी विहिरीवरून आणलेलं पाणी ओंजळीओंजळीनं पोरांना पाजलं. गोजाबाई उठली तशी गर्दी दुभंगली. तिला वाट मिळाली, पण तिच्या अंगाला कोणाचा पदरसुद्धा लागला नाही.

घरी येऊन तिनं हात धुतले. राखेनं घासले, वाळूनं घासले. बोटांच्या पेरांतला लाल रंग जाईना. घासून घासून कातडी चुरचुरायला लागली तरी ती घासत राहिली. तिनं आयुष्यात भुताळी पाहिली नव्हती, पण लहानपणी ऐकलं होतं. भुताळीला आपण भुताळी आहोत हे माहीत नसतं, असं कोणी तरी सांगितलं होतं. झोपेत बाहेर पडते म्हणे. नजर लागते ती आपोआप लागते म्हणे.

ती उंबऱ्याशी बसून आठवायला लागली. माघीला आपण काकडी दिली होती. पोरीच्या गालाला हात लावला होता. 'किती गोड गं तू' असं म्हणालो होतो. त्यानंतर तीन दिवसांनी ती गेली. लाडक्या आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्याला आपणच पाणी दिलं होतं. एकेक आठवण आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहत होती.

वेणू येऊन तिच्या मांडीवर बसायला लागली. गोजाबाईनं तिला ढकललं.

"जा आयशीकडं! माझ्याकडं येऊ नको!"

पोर रडली नाही, नुसती बघत राहिली. आणि दुपार कलली तशी ती ओकली. एकदा, दोनदा, मग मोजदाद राहिली नाही. सकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते आणि ओठ पापुद्र्यासारखे सुकले होते.

गोजाबाई भिंतीला पाठ लावून लांब उभी होती. मी ढकलली तिला. माझा हात लागला तिला.

"आये, उचल तिला," सुनिता म्हणाली.

"माझ्या हातानं नको गं. तू पाहिलंस ना काल…"

सुनिताही घाबरली होती. तिनं काल सासूचे हात पाहिले होते. क्षणभर ती त्या हातांकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "दवाखान्यात न्यायला हवं, पण ओढ्याला कमरेइतकं पाणी आहे. मला एकटीला पोर घेऊन नाय उतरता येणार. काय व्हायचं ते होऊ दे. उचल."

दोघी मागच्या नाचणीच्या शेतातून निघाल्या, पुढच्या वाटेनं जायची हिंमत नव्हती. आळीपाळीनं पोर खांद्यावर घेतली. ओढ्यात गोजाबाईनं वेणूला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. ते हात अजून लालसर दिसत होते आणि ती त्यांच्याकडे न बघता पाण्याकडे बघत चालत होती.

ओढ्यापलीकडच्या उपकेंद्रात विद्युल्लता सिस्टर नुकत्या पोचल्या होत्या. जव्हारच्या घरून त्या रोज स्कूटीनं यायच्या. त्यांनी वेणूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती कातडी हळूहळू खाली बसली; अंगातलं पाणी आटलं होतं. त्यांनी ओआरएसचं पाकीट तांब्याभर उकळलेल्या पाण्यात ढवळलं आणि सुनिताच्या हातात चमचा दिला.

"दर मिनिटाला एक चमचा. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. तासाभरात सुधारली नाही तर मी गाडी बोलावते. आजी, तुम्ही डोकं धरा तिचं."

"मी नाय धरणार," गोजाबाई दारातूनच म्हणाली. "मी भुताळी आहे."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उद्याच्या धुरीचंही. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"आधी हात धुवा," त्या म्हणाल्या. "नुसत्या वाळूनं नाही, साबणानं."

मोरीवर कपड्याच्या साबणाची वडी होती. गोजाबाईनं ती हातांवर चोळली. पेरांत, नखांच्या कडेला जिथं जिथं पिवळी हळद उरली होती, तिथं तिथं ती डोळ्यांदेखत लाल झाली. फेससुद्धा लालसर झाला. गोजाबाईच्या हातातून वडी निसटली.

"बघा! बघा सिस्टर, परत रक्त!"

"आजी, थांबा. आता तर इथं बाबा नाही, मंत्र नाही. मग लाल कसं झालं?"

गोजाबाई हातांकडे बघत राहिली. आणि एकदम तिला मंगेशचं लग्न आठवलं. हळदीची लुगडी घेऊन सगळ्या बाया ओढ्यावर धुवायला गेल्या होत्या. साबण लावला की पिवळे डाग लालभडक व्हायचे. बाया हसायच्या, 'नवरीचा रंग चढला' म्हणायच्या. दर लग्नात होतं ते. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे पाड्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मग काल अंगणात कोणालाच कसं आठवलं नाही? तिला स्वतःलाही?

"हळदीचं आहे हे," ती हळू म्हणाली. "हळदीला काय तरी लागतं."

"साबण, सोडा, चुना, यातलं काहीही चालतं," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या बटव्यात चुना असेल."

तंबाखूचा बटवा कमरेलाच होता. सिस्टरनी डब्यातली चिमूटभर हळद आपल्याच तळहाताला लावली. चिमटीभर चुना पेल्यातल्या पाण्यात ढवळला आणि वरची निवळी दुसऱ्या पेल्यात ओतली. निवळी अगदी साध्या पाण्यासारखी दिसत होती. सिस्टरनी त्यात हात बुडवला. लाल. मग हातावर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळा.

"परत करा," गोजाबाई म्हणाली.

सिस्टरनी परत केलं. गोजाबाईनं मग आपल्या हातावर करून पाहिलं, सुनिताच्या हातावर करून पाहिलं. साध्या पाण्यात पिवळा, निवळीत लाल, कोणाचाही हात असो. पाचव्यांदा लाल झालं तेव्हा ती मोरीवरच खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

बऱ्याच वेळानं तिला आणखी एक आठवलं. "त्या चेल्याकडं दोन कळश्या होत्या. दहा जणींना स्टीलच्या कळशीतलं पाणी ओतलं. मला ओतलं ते तांब्याच्या."

तोवर वेणूनं डोळे उघडून पाणी मागितलं होतं.

"पण मग माघी कशानं गेली?" सुनितानं विचारलं.

सिस्टरनी कपाटातून एक बाटली काढली. आतलं पाणी डांबरासारखं काळं होतं. "हे तुमच्या विहिरीचं. बाटलीत औषध असतं. पाण्यात शौचाची घाण असली की दिवसभरात ते काळं होतं. आठ दिवसांपूर्वी मी हे पाणी भरून आणलं होतं." त्या थांबल्या. "काळं झालं, मी वर कागद पाठवला. विहिरीवर पावडर टाकायचा निरोप दिला, आणि माझं काम झालं असं समजले. तेव्हाच घरोघरी यायला हवं होतं. माघी तेव्हा होती."

सुनितानं ती बाटली हातात घेऊन उजेडात धरली.

त्याच दिवशी सुनिता विहिरीचं पाणी घेऊन आली. एका बाटलीत ते तसंच भरलं, दुसरीत उकळून गार करून भरलं. सिस्टरनी पोलिसांना फोन केला. माणूस पाठवतो म्हणाले, कधी ते सांगितलं नाही.

"आजी, तुम्ही जाऊ नका. इथंच राहा," दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या.

गोजाबाईलाही जायचं नव्हतं. मिरचीच्या धुरीनं माणसाचा जीव कसा कोंडतो ते तिनं ऐकलं होतं. पण आज ती नाही गेली तर लोक उद्या शोधत येतील. ती सापडली नाही तर आणखी कोणाचे तरी हात लाल होतील. आणि पोरं तेच पाणी पीत राहतील. तिनं तोंडावर पाणी मारलं. "चला," ती म्हणाली. वेणूला सुनिताजवळ ठेवून ती आणि सिस्टर निघाल्या.

अंगणात आज गर्दी दुप्पट होती. समाजमंदिराच्या खांबाजवळ निखाऱ्यांचं घमेलं होतं, बाजूला सूपभर लाल मिरच्या. तुकाच्या हातात दोर होता. कालपासून आणखी सहा पोरं आजारी होती.

"आली! आपल्या पायानं आली!" बाबा ओरडले. "आमच्या मंत्रानं ओढून आणली!"

तुका पुढे झाला. तुकाला तिनं अंगाखांद्यावर खेळवला होता, लहानपणापासून तो तिला काकी म्हणायचा. आज तो तिच्याकडे बघतही नव्हता.

"बांध," ती म्हणाली. "पण आधी परत एकदा परीक्षा घे. पाणी मी नाय ओतणार, त्याचा चेला पण नाय ओतणार. तूच विहिरीवरून आण."

"परीक्षा एकदाच होते!" बाबा गरजले.

"का?" मागून प्रमिलाचा आवाज आला. "सत्य असंल तर दहांदा होईल."

तुकानं बादली उचलली. विहिरीवरून भरून आणली. गोजाबाईनं हळद चोळली आणि हात बादलीत घातले. पाणी पिवळं झालं. पिवळंच राहिलं.

"नर्सनं हिला उतारा दिलाय!" बाबा म्हणाले. "सरकारी औषधात जादू असते!"

"तुका," गोजाबाई म्हणाली, "आता त्या तांब्याच्या कळशीतलं पाणी घे. हात माझे नको, तुझे घाल."

चेल्यानं कळशी उचलली आणि जीपकडे निघाला. "हे तपोवनाचं जल आहे, संसारी माणसाचा हात चालत नाही," बाबा घाईघाईनं म्हणाले. पण तुका दोन ढांगांत पोचला होता. त्यानं कळशी हिसकावून ताटात उपडी केली, ताटलीतली हळद तळहातांवर थापली आणि दोन्ही हात ताटात दाबले.

मनगटापर्यंत लाल.

तुका आपल्या हातांकडे बघत राहिला.

"मग मी भुताळा?" तो बाबाला म्हणाला. "माझी माघी मीच खाल्ली?"

बाबा 'बेटा, देखो' म्हणाला आणि मागे सरकला. सरकताना त्याचा पाय पलंगपोसात अडकला आणि तो खुर्चीसकट कोलमडला. कोणीच हसलं नाही.

"जीपमध्ये मला विचारलं यानं," तुका सगळ्यांना सांगत होता, पण शब्द नीट फुटत नव्हते. "पोर कोणाकडं खेळायची? विहिरीजवळ कोण राहतं? कोणाला नवरा नाय? मीच सांगितलं. काकीचं नाव मीच दिलं." त्याच्या हातातला दोर केव्हाच खाली पडला होता. त्याला बाबावर धावून जायचं होतं. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या. "हात लावू नका. पोलीस येतायत. असल्यांसाठी कायदा आहे."

मग त्यांनी चुन्याची निवळी सगळ्यांसमोर करून दाखवली आणि दोन्ही बाटल्या पुढे ठेवल्या. कच्च्या पाण्याची काळी झाली होती, उकळलेल्या पाण्याची स्वच्छ होती.

"हीसुद्धा जादूच!" गर्दीतून कोणी तरी म्हणालं.

"बरोबर बोललात," सिस्टर म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. ह्या घ्या रिकाम्या बाटल्या. तुमच्या हातानं भरा, तुमच्या घरात ठेवा, उद्या तुम्हीच बघा. माझा हात लागायला नको."

बाटल्या भरल्या गेल्या. पण तुका उद्यापर्यंत थांबला नाही. "पाण्यात घाण आली कुठून?" म्हणत तो विहिरीच्या वरच्या अंगाला चढायला लागला. मागोमाग निम्मा पाडा निघाला. विहिरीपासून शंभर पावलांवर नव्या रस्त्यासाठी उन्हाळ्यात जेसीबीनं डोंगर कापला होता. कापताना जुना बांध फुटला होता. वर रस्त्याच्या मजुरांची पत्र्याची वस्ती होती, तिथं पन्नास माणसांना एकही संडास नव्हता. पाऊस पडला की सगळा उतार धुऊन पाणी नव्या चरात उतरत होतं. चर वळून थेट विहिरीच्या दगडांमागं संपत होता. घाणीचा वास येत होता. गेले दोन महिने पाडा हेच पीत होता.

तुका चराच्या काठावर उकिडवा बसला.

संध्याकाळच्या आत पोलीस आले आणि बाबा आणि चेल्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी घरोघरच्या बाटल्या काळ्या झाल्या. त्या पाहून जी भीती पाड्याला वाटली, ती पहिल्या भीतीपेक्षा मोठी होती, कारण आता हाकलायला कोणी नव्हतं. माणसांनी फावडी घेतली. दोन दिवसांत चर दुसरीकडे वळवला, बांध घातला, विहीर उपसली, पावडर टाकली. चुली पाण्यासाठी पेटल्या. सिस्टर रोज यायला लागल्या, घरोघर. पंधरा दिवसांत आजार ओसरला. मजुरांच्या संडासासाठी आणि पक्क्या गटारासाठी पाड्यानं केलेला अर्ज अजून फिरतो आहे, आणि पाडा त्याच्यामागं फिरतो आहे.

गोजाबाईला मात्र अजून काही दारं ओळखीची वाटत नाहीत. एकदोन बाया अजून तिच्यासमोरून जाताना पोराला दुसऱ्या बाजूला घेतात. तुका एकदा तिच्या अंगणात येऊन बसला. "काकी," एवढंच म्हणाला. पुढचं त्याला बोलता आलं नाही, आणि तिनंही ते मागितलं नाही.

पोरं आजारी पडली की माणूस घाबरतो. त्यात कमीपणा काही नाही, गोजाबाई घाबरली होती, सिस्टर घाबरल्या होत्या. पण घाबरलेल्या माणसाला कोणी चमत्कार दाखवायला लागला, तर त्याला एवढंच म्हणावं, की बाबा, हेच आता माझ्या हातानं करू दे, माझ्या पाण्यात करू दे. जो नाही म्हणेल त्याच्याकडे लपवण्यासारखं काही तरी आहे. आणि मग त्याला तिथंच सोडून आपलं पाणी कुठून येतं ते बघायला डोंगर चढावा. शंभर पावलांचीच वाट असते. माघी जायच्या आधी ती कोणीच चढलं नव्हतं.